बिंदू वाढवून वक्र सुधारत नाही

एक्सेलचा तक्ता उघडायचा. पहिल्या रकान्यात अंश, दुसऱ्यात क्ष, तिसऱ्यात य. सूत्र एकदा लिहायचं, कोपरा धरून खाली ओढायचा, की ३६१ ओळी तयार. त्या उचलून कॅडच्या स्प्लाइन आज्ञेत चिकटवल्या की पडद्यावर डौलदार वक्र उमटतो. "हा अचूक आहे का?" असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: "तीनशे एकसष्ट बिंदू घेतलेत साहेब. कमी वाटत असतील तर हजार घेऊ."

या उत्तरात एक मत दडलेलं आहे आणि ते इतकं सर्वमान्य आहे की त्याला मत म्हणायचंही कुणाच्या मनात येत नाही. न्यायशास्त्राच्या चौकटीत ते असं बसतं. प्रतिज्ञा: हा वक्र अचूक आहे. हेतू: कारण त्यावर पुष्कळ बिंदू आहेत. व्याप्ती: जिथे जिथे बिंदू पुष्कळ, तिथे तिथे अचूकपणा, जसा वर्तुळात कोंबलेला बहुभुज. बाजू वाढवत जा, तो वर्तुळाला चिकटत जातो. मला या लेखात एवढंच दाखवायचं आहे की ही व्याप्ती खोटी आहे. ती कधी अपुरी पडते, आणि कधी तर उलटी लागू होते, म्हणजे बिंदू वाढवल्यामुळेच वक्र बिघडतो.

पूर्वपक्षाला आधी त्याचा मान देऊ. हे मत आळसातून आलेलं नाही, ड्रॉइंग हॉलमधून आलेलं आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी आम्ही इन्व्होल्यूट काढला तो वर्तुळाचे बारा भाग करून. प्रत्येक भागावर स्पर्शिका, तिच्यावर उलगडलेल्या दोऱ्याची लांबी, तिथे टिंब, आणि मग फ्रेंच कर्व्ह फिरवत फिरवत टिंबं जोडायची. चोवीस भाग करणारा मुलगा मेहनती आणि त्याचा वक्र खरोखर जास्त सुबक. हाताच्या कामात हे बरोबरच होतं. त्याच्यामागे वडीलधारी साक्षही आहे. आर्किमिडीजनं ९६ बाजूंचे बहुभुज घेऊन परिघ आणि व्यासाचं गुणोत्तर ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्या मध्ये कोंडलं. बाजू वाढवल्या आणि सत्य जवळ आलं. यापेक्षा थोर दृष्टांत कुठला आणायचा?

पण आर्किमिडीज काय करतो ते नीट पाहा. त्यानं एक बहुभुज आत घेतला आणि एक बाहेर. खरं उत्तर या दोन कुंपणांच्या मध्ये आहे, बाहेर नाही, असं तो छातीठोकपणे सांगतो. त्याचं मोठेपण ९६ या आकड्यात नाही, त्या दोन कुंपणांत आहे. आमच्या ३६१ ओळींना आतलंही कुंपण नाही आणि बाहेरचंही नाही. वक्र किती चुकला असेल, हे विचारलं तर आम्ही फक्त ओळी मोजून दाखवतो.

बहुभुजाचाच हिशेब करू. १०० मिलीमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या. जीवेच्या मध्यापासून चापापर्यंतचं अंतर, म्हणजे आपल्या ज्योतिषग्रंथांतला 'शर', हीच बहुभुजाची चूक. चाप म्हणजे धनुष्य, ज्या म्हणजे दोरी आणि मध्ये बाण. बारा बाजू घेतल्या तर शर ३.४१ मिलीमीटर, छत्तीस घेतल्या तर ०.३८, तीनशे साठ घेतल्या तर ०.००३८, म्हणजे ३.८ मायक्रॉन. बाजू दसपट, चूक शतांश. पूर्वपक्ष इथे टाळी मागेल, आणि त्यानं ती घ्यावी.

आता त्याच बहुभुजाला दुसरा प्रश्न विचारा: तुझा कल बरोबर आहे का? बारा बाजूंच्या प्रत्येक कोपऱ्यावर दिशा ३० अंशांनी उडी मारते, छत्तीस बाजूंवर १०, तीनशे साठवर १. इथे दसपट मेहनतीला दसपटच फळ. तिसरा प्रश्न: तुझी वक्रता? प्रत्येक बाजूवर शून्य, प्रत्येक कोपऱ्यावर अनंत. बाजू दहा हजार करा, लाख करा. शून्य आणि अनंत. वर्तुळाची खरी वक्रता, त्रिज्येचा व्यस्तांक, या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि बहुभुज जन्मभर तिच्या जवळ जात नाही.

हे तर्कटाचे खेळ नाहीत. कॅमवर सरकणाऱ्या फॉलोअरचं त्वरण वक्रतेवर ठरतं. कोपरा आला की त्याला धक्का बसतो, कोपरा कितीही बोथट असो. गाडीच्या बॉनेटवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ धावतं की तुटतं, हे स्थानावर नाही, कल आणि वक्रतेवर अवलंबून असतं. म्हणून 'अचूक' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बिंदूंची संख्या त्यांतल्या एकीशी चांगलं वागते, दुसरीशी जेमतेम आणि तिसरीशी अजिबात नाही. डोळ्यावर तर इथे विसंबूच नये. ऑटोकॅडमध्ये झूम केल्यावर खरंखुरं वर्तुळ कोपऱ्या-कोपऱ्यांचं दिसतं, रीजेन दिल्यावर गोल होतं. आणि सातशे वीस बाजूंचा बहुभुज मात्र आधीपासूनच गोजिरवाणा दिसत असतो.

"पण आम्ही पॉलिलाइन कुठे वापरतो? आम्ही स्प्लाइन वापरतो." ठीक. मग तंटा आणखी रंगतदार होतो.

स्प्लाइन बिंदूंमधून जाते, पण दोन बिंदूंच्या मध्ये ती कशी जाते हे बिंदू ठरवत नाहीत. ऑटोकॅडच्या स्प्लाइन आज्ञेत 'नॉट्स' नावाचा एक पर्याय असतो: कॉर्ड, स्क्वेअर रूट, युनिफॉर्म. बहुतेक जण त्याला आयुष्यात हात लावत नाहीत. लावून पाहा. तेच बिंदू, त्याच क्रमानं, आणि तीन वेगळे वक्र. बिंदू सारख्या अंतरावर असतील तर फरक नगण्य. एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ असतील तर डोळ्याला दिसेल इतका. टोकाच्या स्पर्शिकेचंही तसंच. ती तुम्ही दिली नाहीत तर सॉफ्टवेअर आपल्या मनानं एक धरून चालतं, आणि त्याच्या मनात इन्व्होल्यूट नसतो. मग ३६१ बिंदूंनी 'ठरवलेला' वक्र नेमका कोणता? व्याप्तीचा पहिला व्यभिचार, म्हणजे ती मोडणारं उदाहरण, इथेच सापडतो: बिंदू सगळे जागच्या जागी आणि तरी वक्र अनेक.

दुसरा व्यभिचार जास्त गंभीर आहे, कारण त्यात बिंदू वाढवणं हाच दोष ठरतो. याच्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण हे रोज घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

एक्सेलमधला आकडा दोन दशांशांपर्यंत ठेवून चिकटवला जातो. ०.०१ मिलीमीटर, 'अजून किती हवं?' म्हणजे प्रत्येक बिंदू आपल्या खऱ्या जागेपासून जास्तीत जास्त ०.००५ मिलीमीटर वरखाली. आता त्रिज्या ५० मिलीमीटरच्या आसपास असलेला एक सौम्य वक्र घ्या. त्याची वक्रता १/५०, म्हणजे ०.०२. वक्रता कळते ती लागोपाठच्या तीन बिंदूंवरून: दोन कडेचे बिंदू आणि मधला यांच्यातला फरक, भागिले अंतराचा वर्ग. त्या फरकात पूर्णांकनाची चूक वाईटात वाईट ०.००५ च्या चौपट, म्हणजे ०.०२ एवढी होऊ शकते. बिंदू ५ मिलीमीटरच्या अंतरावर असतील तर ही चूक २५ नं भागली जाते: ०.०००८. खऱ्या वक्रतेच्या चार टक्के. चालेल. आता उत्साहानं बिंदू वाढवले, अंतर ०.१ मिलीमीटर केलं. तीच चूक आता ०.०१ नं भागायची: २. खरी वक्रता ०.०२ आणि तिच्यावर बसलेला गोंगाट २. शंभरपट!

म्हणजे पन्नासपट बिंदू घेऊन आपण वक्राला पन्नासपट सुधारलं नाही. त्याच्या अंगावर शहारे आणले. सौम्य उताराच्या जागी इवल्या-इवल्या लाटा, बहिर्वक्र-अंतर्वक्र, बहिर्वक्र-अंतर्वक्र. पडद्यावर त्या दिसत नाहीत, कारण उंची मायक्रॉनमध्ये आहे. वक्रतेचा आलेख काढणारी कोंब-आज्ञा चालवली तर मात्र साळिंदर उभं राहतं. आणि वायरकटवर जॉब कापून आला की पृष्ठभागावर बोट फिरवणारा जुना कारागीर "कुरकुर लागतेय" म्हणतो, तेव्हा दोष मशीनवर जातो, नाहीतर तारेवर.

गणितात याचा एक चुलतभाऊ प्रसिद्ध आहे. कार्ल रुंगे यानं १९०१ मध्ये दाखवलं की एका अगदी साध्या, घंटेसारख्या दिसणाऱ्या फलावर समान अंतरानं बिंदू घेऊन त्यांतून एकच बहुपदी नेली, तर बिंदू वाढवताना मधला भाग सुधारतो पण टोकं बेभान होतात. फलाची उंची १, अकरा बिंदूंना टोकाशी चूक जवळजवळ २, एकवीस बिंदूंना सुमारे ६०. न्यायानं सांगायचं तर हा दाखला कॅडच्या स्प्लाइनला जसाच्या तसा लागू होत नाही. स्प्लाइन एकच उंच घाताची बहुपदी नसते, तिसऱ्या घाताच्या तुकड्यांची साखळी असते, आणि बिंदू पूर्ण अंकांनिशी दिले, टोकांचे कल बरोबर दिले, तर बिंदू दुप्पट केल्यावर तिची चूक सुमारे सोळाव्या हिश्शावर येते. हे पूर्वपक्षाचं सर्वांत बळकट रूप आणि ते मला मान्य आहे. पण त्यातल्या दोन 'तर'कडे लक्ष द्या. बळ बिंदूंच्या संख्येचं नाही, त्या दोन अटींचं आहे.

ज्यांनी स्प्लाइन शोधली ते लोक हे जाणून होते. गणितात हा शब्द शोएनबर्गनं १९४६ मध्ये आणला, पण शब्द मुळात जहाजाच्या आराखड्याचा. लांब लवचीक लाकडी पट्टी, तिला जागोजागी शिशाची वजनं टेकवायची, त्यांना 'डक' म्हणत; पट्टी आपली आपण वाकून सर्वांत कमी ताणाचा वक्र धरते. त्या कामातलं शहाणपण डक कमी ठेवण्यात होतं. एक जास्तीचं वजन चुकीच्या जागी टेकवलं की पट्टीला पोक येतं. मोटारींच्या कारखान्यांत कॅडचा जन्म झाला तेव्हा तर बिंदूंमधून जाण्याचाच हट्ट सोडून देण्यात आला. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जोनं १९५९ मध्ये ही पद्धत काढली, कंपनीनं ती गुपित ठेवली. रनोमध्ये पिएर बेझिएनं स्वतंत्रपणे तिथेच पोचून ती प्रसिद्ध केली आणि नाव त्याचं झालं. त्या पद्धतीत चार नियंत्रणबिंदू असतात: पहिला आणि शेवटचा वक्रावर, मधले दोन बाहेर, आणि ते सांगतात ते स्थान नव्हे, कल. म्हणजे मुळात या शास्त्राचा पायाच 'कुठून जायचं'पेक्षा 'कुठल्या दिशेनं निघायचं' यावर घातलेला आहे. आम्ही मात्र ड्रॉइंग हॉलमधली टिंबं घेऊन त्या घरात शिरलो.

फळ काय मिळतं ते पुन्हा त्या १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर पाहा. चार बेझिए तुकडे, सगळे मिळून बारा नियंत्रणबिंदू: चूक २७ मायक्रॉन. आठ तुकडे, चोवीस नियंत्रणबिंदू: ०.४२ मायक्रॉन. तीनशे साठ बाजूंचा बहुभुज ३.८ वर अडकला होता. शिवाय इथे कल कुठेच तुटत नाही. आणि नियंत्रणबिंदूंना वजनं देऊन परिमेय वक्र घेतला, ज्याला कॅडवाले नर्ब्स म्हणतात, तर पाव वर्तुळाला तीनच बिंदू पुरतात, मधल्याचं वजन ०.७०७१, आणि चूक शून्य. शून्य म्हणजे गणिताचं शून्य.

या शून्यामुळेच दुसरा गैरसमज वाढला आहे: 'नर्ब्स अचूकच असतात, कॉम्प्युटर सोळा अंकांपर्यंत मोजतो.' हे पूर्वपक्षाचं सुधारलेलं रूप. सोळा अंक ही नोंदवहीची रुंदी आहे, नोंदीच्या खरेपणाशी तिचा संबंध नाही. आणि नर्ब्सची अचूकता वर्तुळ, लंबवर्तुळ, पॅराबोला, हायपरबोला या शंकुच्छेदांच्या आणि इतर परिमेय वक्रांच्या दाराशी संपते. साइन, इन्व्होल्यूट, सायक्लॉइड, हेलिक्स, लोंबत्या साखळीची कॅटेनरी यांतला एकही नर्ब्समध्ये अचूक मावत नाही. मावतच नाही, 'अजून जमलेलं नाही' असं नव्हे.

कारण छोटं आणि सुंदर आहे. नर्ब्सचा प्रत्येक तुकडा एखाद्या बीजगणितीय समीकरणाचं पालन करतो आणि असा वक्र कोणत्याही सरळ रेषेला, जर ती रेषा त्याचाच भाग नसेल, तर मोजक्याच ठिकाणी छेदतो. समजा, साइनचा एक बोटभर तुकडा नर्ब्सशी तंतोतंत जुळला. मग तो तुकडा त्या समीकरणात बसतो. पण साइन इतकी एकसंध आहे की तिचा एक तुकडा समीकरणात बसला तर अख्खी साइन बसायला हवी. आणि अख्खी साइन तर क्ष-अक्षाला अनंत वेळा छेदते! म्हणजे बोटभर तुकडासुद्धा कधी जुळू शकत नाही. हेलिक्स, सायक्लॉइड, इन्व्होल्यूट यांना हाच युक्तिवाद थोड्या फरकानं लागतो. कॅटेनरी क्ष-अक्षाला अशी छेदत नाही, तिच्यासाठी वेगळी वाट. पण निकाल तोच. गॅलिलिओनं १६३८ मध्ये लोंबती साखळी पॅराबोलासारखी असते म्हटलं. १० मीटर अंतरावर टांगलेली, २.७ मीटर झोळ असलेली साखळी घ्या आणि तीच टोकं, तोच तळ धरून पॅराबोला काढा: मध्ये दोघांत ५५ मिलीमीटरपर्यंत फरक पडतो. कमानीच्या सांगाड्यात पाच सेंटीमीटर म्हणजे बराच ऐवज झाला. १६९१ मध्ये लाइबनिट्स, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी खरा वक्र दिला.

तेव्हा या वक्रांच्या बाबतीत 'अचूक काढला' हे वाक्य शब्दशः खोटं आहे, कुणीही म्हणो. बोलता येतं ते एवढंच: 'इतक्या चुकीच्या आत काढला.' जो चुकीचा आकडा सांगू शकत नाही त्यानं वक्र काढलेला नाही, वक्रासारखं काहीतरी काढलं आहे.

अशी परिमेय तडजोड करण्याची कला आपल्याकडे नवी नाही. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करानं (सिद्धांतशिरोमणीचा भास्कराचार्य त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी आला, नावामुळे नेहमी घोटाळा होतो) ज्येसाठी सारणी न वापरता एक सूत्र दिलं. कोनाचे अंश आणि १८० वजा ते अंश, यांचा गुणाकार करा. त्याची चौपट वर. ४०५०० मधून तो गुणाकार वजा करून खाली. ३० अंशाला नेमका अर्धा, ९० ला नेमका एक, आणि शून्यापासून १८० पर्यंत कुठेही चूक ०.००१६४ च्या बाहेर नाही. हे सूत्र म्हणजे कॅडच्या भाषेत चार नियंत्रणबिंदूंचा, तिसऱ्या घाताचा एक परिमेय तुकडा! अर्धी साइन-लाट एका तुकड्यात. तेवढीच चूक जीवा जोडून साधायची तर अठ्ठावीस जीवा लागतात. अर्थात सूत्राला त्याची मर्यादा आहे: दोन्ही टोकांशी त्याचा कल खऱ्यापेक्षा सुमारे १.९ टक्के जास्त आहे, म्हणजे त्याच्या दोन लाटा जोडून स्प्रिंगचा आलेख काढायचा असेल तर जपून. पण पाहा, इथे आपण नुसतं 'जवळपास बरोबर' म्हणत नाही. स्थानात किती चूक, कलात किती, कुठे जास्त, हे सगळं बोलतो आहोत. एका सूत्राबद्दल आपल्याला ३६१ बिंदूंपेक्षा जास्त माहिती आहे.

आता खंडन पुरे, मंडन करू. गिअरचा दात घ्या: मॉड्यूल ५, दात २०, प्रेशर अँगल २० अंश. पिच त्रिज्या ५०, बेस सर्कलची त्रिज्या ४६.९८५, दाताचं टोक ५५ वर. बेस सर्कलपासून टोकापर्यंत दोरा उलगडायचा तो फक्त ३४.९ अंश, म्हणजे ०.६०८५ रेडियन. दाताची अख्खी कड एवढीच! तिच्यासाठी लोक शेकडो ओळी ओततात.

इन्व्होल्यूटची एक गोष्ट मला फार आवडते. दोरा जितके अंश उलगडला, तितक्याच अंशांनी त्या बिंदूपाशी वक्राची दिशा वळलेली असते. बारा अंश उलगडला, तर कल बारा अंश. गणित करायलाच नको. आणि वेग, म्हणजे प्राचल वाढवताना बिंदू किती झरझर पळतो, तो त्रिज्या गुणिले उलगडलेला कोन. तेव्हा ३४.९ अंशांचे चार समान भाग करा. पाच बिंदू सूत्रानं काढा, पाच दिशा तर तोंडपाठ आहेत. प्रत्येक तुकड्याचे मधले दोन नियंत्रणबिंदू त्या दिशांवर ठेवा. टोकापासून किती अंतरावर, ते त्रिज्या गुणिले कोन गुणिले टप्पा, भागिले ३. दाताच्या टोकाशी हे अंतर १.४५ मिलीमीटर येतं. स्प्लाइन फिट पद्धतीनं नव्हे, कंट्रोल व्हर्टायसेस पद्धतीनं, चार-चार बिंदूंच्या चार वेगळ्या, आणि मग जोडायच्या. चूक किती? वरची मर्यादा हिशेबानं निघते: ०.२ मायक्रॉन. तेवढ्यासाठी पॉलिलाइनला एक्क्याऐंशी जीवा लागतील आणि प्रत्येक सांध्यावर दिशा जवळपास अर्ध्या अंशानं मोडेल.

एक अडचण आधीच सांगतो. बेस सर्कलवरून वक्र निघतो तिथे त्याची वक्रतात्रिज्या शून्य असते, म्हणून पहिल्या तुकड्याचे पहिले दोन नियंत्रणबिंदू एकावर एक पडतात आणि काही सॉफ्टवेअर त्यावर कुरकुरतं. तिथे केसभर पुढून सुरुवात करावी. त्या जागी दात एकमेकांना टेकू नयेत अशीच रचना चांगल्या गिअरमध्ये असते. आणि बेस सर्कलच्या खाली तर इन्व्होल्यूट नसतोच. आपल्या उदाहरणात दाताचा तळ ४३.७५ वर आहे, म्हणजे सव्वातीन मिलीमीटर कड इन्व्होल्यूटची नाहीच. ती हॉबच्या टोकानं कोरलेली वेगळी रेषा. बिंदूंची माळ ओवणारा माणूस स्प्लाइन तशीच खाली ओढत नेतो. त्याच्याकडे बिंदू असतात, वक्र कुठे संपतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यावर एक शंका येईल: दर वक्राला कल कोण काढत बसणार? प्रत्येक ड्राफ्ट्समननं कॅल्क्युलस करायचं का? उत्तर असं की या वक्रांचे कल बहुतेक वेळा वक्रापेक्षा सोपे असतात. सायक्लॉइडच्या कोणत्याही बिंदूची स्पर्शिका फिरत्या चाकाच्या माथ्यातून जाते. चाक काढलं की दिशा मिळाली. कॅटेनरीचा कल म्हणजे तळापासून त्या बिंदूपर्यंतच्या साखळीची लांबी, भागिले तिचा स्थिरांक. साइनचा कल कोसाइन. हे शेवटचं तर ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती काढताना वापरलेलं आहे. ज्याच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी दिलेल्या दानाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, त्याच भास्कराचार्यानं. त्याच्याकडे एक्सेल नव्हतं, म्हणून त्याला बिंदूंपेक्षा बदलाचा विचार करावा लागला, एवढाच फरक.

दुसरी शंका अधिक वजनाची आहे आणि ती टूलरूममधून येते. "साहेब, तुमचा बेझिए घेऊन मशीन काय करणार? जी-शून्य-एक म्हणजे सरळ रेष, जी-शून्य-दोन आणि तीन म्हणजे कमान. बहुतेक कंट्रोलला एवढंच कळतं. शेवटी तुकडेच पडायचे, मग आधीच पाडलेले काय वाईट?"

खरं आहे, तुकडे पडतात. वादाचा मुद्दा ते कधी आणि कुणी पाडायचे हा आहे. ड्रॉइंगमध्येच जीवा ठोकल्या तर टॉलरन्स तिथेच गोठला. उद्या तोच दात मॉड्यूल ५० मध्ये हवा झाला तर शरही दसपट मोठा होतो आणि कुणाला आठवत नाही की वक्र मुळात जीवांचा होता. तुकडे शेवटच्या पायरीला, त्या मशीनच्या, त्या जॉबच्या टॉलरन्सनं पाडले, आणि शक्य तिथे एकमेकांना स्पर्श करणाऱ्या कमानींचे पाडले, तर कलही टिकतो. जुन्या ऑटोकॅडमधली लंबवर्तुळं अशीच पॉलिलाइन-कमानींची असत. 'पीएलिप्स' हे चल १ वर ठेवलं तर आजही तशीच बनतात. ते वाईट नव्हतं. वाईट तेव्हा होतं, जेव्हा ते लंबवर्तुळच आहे असं समजून कुणी त्याची नाभी शोधायला जाई.

आणि मशीनवर जाण्याआधी आणखी एक काम असतं: ऑफसेट. तार किंवा कटर वक्रावरून जात नाही, आपल्या जाडीच्या निम्म्यानं बाजूनं जातो. इथे तर बिंदूवाल्याचं सोंग पुरतं उघडं पडतं. लंबवर्तुळाचा ऑफसेट लंबवर्तुळ नसतो, आठव्या घाताचा वक्र असतो. ऑटोकॅडला ऑफसेट करायला सांगा, तो मुकाट्यानं स्प्लाइन देईल. ड्रॉइंग कितीही अचूक असो, कटरची वाट अंदाजाचीच. पण इन्व्होल्यूटचा ऑफसेट? तो पुन्हा इन्व्होल्यूटच, त्याच बेस सर्कलचा, फक्त थोडा फिरवलेला. वायरकटची ०.२५ मिलीमीटरची तार घेतली, ठिणगीची फट क्षणभर बाजूला ठेवली, तर ऑफसेट ०.१२५, भागिले ४६.९८५, म्हणजे कड ०.१५ अंशानं फिरवली की झालं. तीनशे एकसष्ट बिंदूंचा ऑफसेट काढत बसणाऱ्या सॉफ्टवेअरला हे माहीत नाही, आणि ते बिंदू ज्यानं चिकटवले त्यालाही सांगता येणार नाही, कारण त्याच्या फाइलमध्ये 'इन्व्होल्यूट' हा शब्द कुठेच लिहिलेला नाही.